खरकट्याचे बायोऑइल: वाळवणापासून जीसी-एमएसच्या आलेखापर्यंत

लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मेसच्या मागे रात्री जे पिंप भरते, त्यात भात, वरण, भाकरीचे तुकडे, रस्सा, लिंबाच्या फोडी, लोणच्याचा खार आणि मधूनच फाटका द्रोण असतो. या सगळ्याला हवेविना ४५० ते ५५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की वाफा निघतात. त्या थंड केल्यावर जो काळपट, उग्र वासाचा द्रव हाती येतो, ते बायोऑइल. तेलाचा दर्जा मात्र रिअॅक्टरमध्ये कमी आणि त्याआधीच्या निवडण्यात-वाळवण्यात जास्त ठरतो. म्हणून या लेखातही वाळवणाला बरीच जागा दिली आहे. शेवटी जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री, तेलातली संयुगे वेगळी करून ओळखणारे यंत्र) याचा आलेख कसा वाचायचा ते येते.

खरकट्याला दोन वाटा आहेत. पहिली हायड्रोथर्मल लिक्विफॅक्शनची: ओला लगदाच बंद भांड्यात ३०० अंशांच्या आसपास शिजवायचा. त्यात वाळवण्याचा त्रास वाचतो, पण ३०० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ८५ बारच्या वर जातो. असे भांडे प्रमाणित ऑटोक्लेव्हच असावे लागते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ते कधीही करून घेऊ नका. दुसरी वाट पायरोलिसिसची, म्हणजे वर सांगितलेल्या हवेविना तापवण्याची. तिथे दाब जवळपास नसतो, पण माल कोरडा लागतो. मराठवाड्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत ऊन कडक आणि हवा कोरडी असते. ज्या उन्हात कुरडया-पापड्या वाळतात, तेच ऊन इथे फुकटचे इंधन आहे. त्यामुळे पुढचे सगळे पायरोलिसिसबद्दल, १ किलो कोरड्या मालाच्या घाण्याचा (एकदा भरून तापवलेल्या मालाचा) हिशेब धरून.

निवडणे आणि वाळवणे

मेसच्या ओल्या खरकट्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते. १ किलो कोरडा माल हवा असेल तर ४ ते ५ किलो ओला गोळा करावा लागतो. एक किलो पाणी उडवायला सुमारे २.३ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे ४ किलो खरकटे विजेवर वाळवायचे तर त्यातले ३ किलो पाणी उडवायलाच ७ मेगाज्यूल गेले.

माल आला की त्याच रात्री निवडा. सकाळपर्यंत ठेवले तर आंबते, साखरेचे आम्ल होते आणि पुढच्या प्रत्येक आकड्यात ते दिसत राहते. हाडे, अंड्याची टरफले, आंब्याच्या कोयी वेगळ्या काढा. हाडे आणि टरफले मुख्यतः राख वाढवतात. कोयीत लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य) भरपूर असते, तिचा घाणा वेगळा केला तरच निकाल वाचता येतो. मोसंबीच्या सालींचेही तेच: जालन्याकडच्या रसवाल्यांकडे त्या ढिगाने मिळतात, पण मिसळल्या तर त्यांतले लिमोनीन (सालीतले वासाचे संयुग) सगळ्या आलेखावर बसते.

द्रोण-पत्रावळीकडे बारकाईने पाहा. पळसाच्या पानाची पत्रावळ चालेल. चंदेरी किंवा चकचकीत कागदी द्रोणावर प्लास्टिकचा थर असतो आणि त्याचा तळहाताएवढा तुकडाही तेलात मेण सोडतो. पीव्हीसीचा तुकडा गेला तर हायड्रोक्लोरिक आम्लच तयार होते.

दुसरा शत्रू मीठ. लोणचे, पापड, ठेचा यांचे खरकटे वेगळ्या डब्यात टाकायला मेसवाल्यांना सांगा. मिठातले सोडियम आणि अन्नातले पोटॅशियम विघटनाची दिशा बदलतात: तेल कमी पडते, कोळसा आणि वायू वाढतात. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. रस्सा फार खारट असेल तर माल चाळणीत घेऊन एकदाच थोड्या पाण्याने खळखळून निथळा. जास्त धुतले तर विरघळणारी साखर आणि पिष्टही जाते, आणि उन्हाळ्यात इथे तेवढे पाणीही नसते.

निथळलेला माल मच्छरदाणीच्या जाळीवर, खालून वारा लागेल अशा बाजेवर पसरा. थर १ ते दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नको. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी हाताने फोडत राहा. भाताची गोळी वरून टणक होते आणि आत ओली राहते, तीच पुढे घात करते. पहिला दिवस माश्यांचा, म्हणून वरूनही जाळी हवी. एप्रिल-मेमध्ये दोन ते तीन दिवसांत माल तयार होतो. भाकरीचा तुकडा कट्‌कन मोडला पाहिजे. वाकला तर अजून एक दिवस. पावसाळ्यात हा उद्योग उघड्यावर करू नका, बुरशी येते.

वाळलेला माल मिक्सरमधून भरडा आणि चाळा. १ ते ३ मिलिमीटरचा जाडसर रवा हवा. पिठासारखा बारीक भाग वायूबरोबर उडून नळीत जातो आणि तिथे डांबरात चिकटून बसतो. तो चाळून वेगळा काढा.

घाणा लावण्याआधी मालाच्या तीन मोजण्या करा. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवून ओलावा काढा; तो १० टक्क्यांच्या आत हवा, ८ असेल तर उत्तम. मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांना ३ ते ४ तास जाळून राख काढा. झाकणाच्या क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) ९०० अंशांना ७ मिनिटे ठेवून बाष्पनशील भाग काढा. सीएचएनएस विश्लेषण (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक यांचे प्रमाण) जमले तर नायट्रोजनच्या टक्केवारीला ६.२५ ने गुणा, प्रथिनांचा अंदाज मिळतो. वरण-उसळ जास्त असलेल्या मेसचा माल आणि भात-भाकरी जास्त असलेल्या मंगल कार्यालयाचा माल इथेच वेगळे दिसतात.

रिअॅक्टर आणि जोडणी

४ इंची स्टेनलेस स्टील ३०४ चा पाइप, शेड्युल ४० (भिंतीच्या जाडीचे माप), लांबी ४५० मिलिमीटर. आतला व्यास सुमारे १०२ मिलिमीटर भरतो, म्हणजे आकारमान ३.७ लिटर. भरडलेला माल लिटरला साधारण ४०० ग्रॅम बसतो. दोन तृतीयांश भरला की १ किलो. उरलेली जागा रिकामीच ठेवा, कारण पिष्ट आणि साखर तापल्यावर काकवीसारखी फुगून वर येते.

एक टोक प्लेट लावून वेल्ड करा. दुसऱ्याला ८ बोल्टचा फ्लँज (बोल्टने आवळायची रुंद कडा), मध्ये ग्राफाइटचे गॅसकेट. रबर किंवा टेफ्लॉनचे गॅसकेट या तापमानाला टिकत नाही. बाहेरून २ किलोवॅटचा सिरॅमिक बँड हीटर आणि त्यावर ५० मिलिमीटर सिरॅमिक वूल. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) दोन लागतात, एक पाइपच्या भिंतीला आणि दुसरे बंद नळीतून मालाच्या मध्यभागी. हे दुसरे वाचवू नका. भिंत ५०० दाखवत असते तेव्हा मधला माल कितीतरी मागे असतो, आणि अर्धवट राहिलेले बहुतेक घाणे भिंतीच्या आकड्यावर विसंबल्यामुळेच बिघडतात.

बाहेर पडणारी नळी १ इंचाची ठेवा. ती कंडेन्सरपर्यंत आखूड, उताराची आणि हीटिंग टेप गुंडाळून २५० अंशांच्या वर गरम असावी. पुढचा क्रम असा: पाण्याचा कंडेन्सर, त्याखाली पहिला गोळा करण्याचा फ्लास्क, मग बर्फ-मिठात बसवलेला दुसरा फ्लास्क, मग काचेच्या नळीत सैल भरलेला ग्लासवूल, मग २-३ सेंटिमीटर पाण्याचा बबलर (वायू ज्यातून बुडबुडे होऊन जातो ती बाटली), आणि शेवटी वायू बाहेर नेणारी नळी. बबलरआधी एक रिकामा फ्लास्कही जोडा, नाहीतर रिअॅक्टर थंड होताना पाणी उलटे ओढले जाते. कंडेन्सरला ५० लिटरच्या टाकीतून कूलरचा पंप लावून पाणी फिरवा, तेच तेच वापरता येते. मे महिन्यात टाकीचे पाणीच ३२-३५ अंशांचे असते, म्हणून त्यात बर्फाची लादी सोडा.

या साखळीत कुठेही व्हॉल्व्ह बंद राहता कामा नये. बाहेरची वाट तुंबली की दाब वाढतो आणि फ्लँजमधून पेटती वाफ सुटते. वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. काम उघड्या शेडमध्ये करा, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. आधी डोळ्याला लागतो तो मात्र मिरचीचा खकाणा: रश्श्याच्या मालातून गळती असेल तर ठसका सगळ्यात आधी वार्ता देतो.

घाणा चालवणे

रिकामा रिअॅक्टर, दोन्ही फ्लास्क, ग्लासवूलची नळी यांची वजने आधी लिहा. ही पायरी राहिली तर उरलेले सगळे काम वाया जाते.

माल भरून फ्लँजचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. नायट्रोजन मिनिटाला २ लिटर या वेगाने १० मिनिटे सोडा. साबणाच्या फेसाने सांधे तपासा. मग नायट्रोजन अर्ध्या ते एक लिटरवर आणा आणि मिनिटाला १० अंश या गतीने तापवा.

१०० ते १५० अंशांपर्यंत नुसते पाणी येते. २०० च्या पुढे फिकट पिवळा, आंबट वासाचा द्रव, हे पिष्ट आणि सालींचे काम. २८० ते ४०० हा भर: पांढरा दाट धूर, बबलरमध्ये जोरात बुडबुडे, द्रव तपकिरी. ४०० च्या वर स्निग्ध भागाची वेळ येते आणि फ्लास्कच्या कडेला मेणचट थर दिसू लागतो. मध्यभागाचे थर्मोकपल ५०० ला पोचले की तिथून ३० ते ४५ मिनिटे धरा. बुडबुडे नायट्रोजनपुरतेच उरले की हीटर बंद.

लगेच उघडू नका. गरम कोळशाला हवा लागली की तो निखारा होतो. नायट्रोजन चालू ठेवून १०० अंशांच्या खाली येऊ द्या, जमल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. मध्येच वीज गेली तरी नायट्रोजन सुरूच राहिला पाहिजे, म्हणून सिलिंडरमध्ये पुरेसा साठा बघूनच घाणा लावा. तो घाणा हिशेबात मात्र धरू नका. तापवण्याची गती तुटली की उत्पन्न बदलते.

हिशेब असा मांडा. उदाहरणादाखल, १००० ग्रॅम मालातून ३२० ग्रॅम कोळसा आणि ४३० ग्रॅम द्रव मिळाला तर वायू फरकाने २५० ग्रॅम. द्रवातले २७० ग्रॅम पाणीदार आणि १६० ग्रॅम तेलकट. इथे खूप जण ‘४३ टक्के तेल’ असे लिहितात. ते चूक आहे, त्यातले बहुतांश पाणी आहे. तेलाचे उत्पन्न १६ टक्के, आणि तेही ओलावा व राख वजा करून कोरड्या-राखविरहित मालावर काढायचे. ओलावा ८ आणि राख ७ टक्के असेल तर १६० भागिले ८५०, म्हणजे १८.८ टक्के. दोन मेसच्या मालांची तुलना याच आकड्यावर होते. नळीला चिकटलेले डांबर अॅसिटोनने धुऊन, उडवून, तेलात मिळवा.

वायूचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर निघाला तर गळती आहे किंवा धुके थंड न होता निसटते आहे. बबलरच्या पाण्यावर पिवळा तवंग असेल तर दुसरे कारण. बर्फ वाढवा, ग्लासवूल बदला. तेल कमी आणि पाणी जास्त येत असेल तर ओलावा पुन्हा मोजा. भाताच्या गोळ्या सापडतील. कोळसा मऊ, तपकिरी आणि धुरकट वासाचा असेल तर मधला भाग शिजलाच नाही.

थर वेगळे करणे

द्रव विभाजक नरसाळ्यात २४ तास ठेवा. तेल खाली बसेल असे गृहीत धरू नका. मालात स्निग्ध पदार्थ भरपूर असले, शेंगदाण्याचा कूट आणि तर्री जास्त असली, तर तेल वर तरंगते. कधी तीन थर होतात. कोणता थर कुठे होता ते लिहून ठेवा. साय धरल्यासारखे मिसळले असेल तर ४० अंशांना कोमट करा किंवा ३००० ते ४००० फेऱ्यांवर १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. मीठ घालून थर फोडण्याचा मोह टाळा, पुढच्या चाचण्या खराब होतात.

नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, ४ अंशांना ठेवा. प्लास्टिकची बाटली नको. बायोऑइल ठेवल्या ठेवल्या बदलत जाते: अल्डिहाइड आणि फिनॉल एकमेकांना जोडले जातात आणि तेल घट्ट होते. आठवड्याच्या आत तपासा.

आधी साध्या चाचण्या

महागड्या यंत्राकडे धावण्याआधी चार आकडे काढा. सामू पीएच मीटरने. घनता २५ मिलिलिटरच्या विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीने. पाणी कार्ल फिशरने (पाणी मोजण्याच्या टायट्रेशनच्या पद्धतीने). अल्डिहाइड-किटोन असल्याने त्यांच्यासाठीचा खास अभिकर्मक घ्या, नाहीतर पाणी खोटे वाढून दिसते. कार्ल फिशर नसेल तर टोल्यूइन घालून डीन-स्टार्क (उकळून पाणी वेगळे गोळा करण्याची पद्धत) करा. त्यात पाण्यात मिसळणारी हलकी संयुगेही पाणी म्हणून मोजली जातात, हे ध्यानात ठेवा.

आम्लांकासाठी (एक ग्रॅम तेलातल्या आम्लाला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ०.४ ग्रॅम तेल आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून ०.१ नॉर्मल अल्कोहोली पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करा. तेल इतके काळे असते की फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग दिसतच नाही. पीएच मीटर लावून वक्र काढा. नमुन्याला ४.६ आणि कोऱ्याला (तेल न घातलेल्या द्रावकाला) ०.१ मिलिलिटर लागले तर (४.६ − ०.१) × ०.१ × ५६.१ ÷ ०.४, म्हणजे ग्रॅममागे ६३ मिलिग्रॅम. असे तेल पंपाच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनात घातले तर इंजेक्टर आणि सील खाऊन टाकील.

उष्मांक बॉम्ब कॅलरीमीटरने काढावा. ते नसल्यास ड्यूलाँगचे सूत्र: ०.३३८३ × कार्बन + १.४४३ × (हायड्रोजन − ऑक्सिजन ÷ ८). कार्बन ६८, हायड्रोजन ९, ऑक्सिजन १८ टक्के असेल तर ३२.७ मेगाज्यूल प्रति किलो. डिझेलचा सुमारे ४५.

एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषला जातो ते दाखवणारी तपासणी; आकडे प्रति सेंटिमीटर तरंगसंख्येचे) २९२० आणि २८५० ला स्निग्ध साखळ्या, १७१० ला आम्ले, १६५० च्या आसपास अमाइड, आणि २२४५ ला बारीक पण स्पष्ट सुळका दिसला तर तो नायट्राइलचा. अमाइड आणि नायट्राइल ही नायट्रोजन असलेली संयुगे. पाणी ३४०० आणि १६४० दोन्ही जागा झाकते, म्हणून ओल्या नमुन्याचा आलेख वाचूच नका.

जीसी-एमएस

मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत आधी चौकशी करा. नाही जमले तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रे शोधून वेळ घेता येते. नमुना मात्र नीट करून द्यायचा तो आपणच.

तेलकट थर डायक्लोरोमिथेनमध्ये घ्या, निर्जल सोडियम सल्फेटने पाणी ओढा, मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असे पातळ करा आणि ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा. पाणीदार थर त्याच द्रावकाने तीनदा काढा. कॉलम (संयुगे वेगळी करणारी बारीक नळी) ३० मीटर, ०.२५ मिलिमीटर, ५ टक्के फिनाइलचा. हेलियम मिनिटाला १ मिलिलिटर, इंजेक्टर २८० अंश, १ मायक्रोलिटर, स्प्लिट १:२०. ओव्हन ४० अंशांना ३ मिनिटे, मग मिनिटाला ५ अंशांनी ३०० पर्यंत, तिथे १० मिनिटे. एक फेरी ६५ मिनिटांची. द्रावक जाईपर्यंत डिटेक्टर बंद. डायक्लोरोमिथेनचा नुसता कोरा नमुनाही त्याच दिवशी चालवून घ्या.

संगणकाने दिलेले नाव तसेच उतरवू नका. जुळणी ८० टक्क्यांच्या वर असली तरी आयन (संयुगाचे विद्युतभारित तुकडे; पुढचे आकडे त्यांच्या वस्तुमानाचे) डोळ्यांनी पाहा. ९५-९६ ची जोडी फरफ्युरल, म्हणजे पिष्ट आणि सालींतली साखर. ६० आणि ७३ लेव्होग्लुकोसानचे (पिष्ट तापून होणाऱ्या शर्करेचे), पण मेदाम्लांचेही. लेव्होग्लुकोसानची शिखा शेपटीसारखी पसरते, पामिटिक आणि लिनोलेइक आम्ले खूप उशिरा येतात, त्यावरून ओळखा. १०९ आणि १२४ ग्वायाकॉल, म्हणजे देठ-सालींचे लिग्निन. ११७ इंडोल, डाळींच्या प्रथिनांतून. ५९ आणि ७२ मेदाम्लांचे अमाइड, ९७ आणि ११० त्यांचे नायट्राइल. हे दोघे खरकट्याची खूणच आहेत: वरणातल्या प्रथिनांचा अमोनिया फोडणीच्या तेलातल्या आम्लांना भेटतो, आधी अमाइड आणि मग पाणी जाऊन नायट्राइल होते. नुसत्या कपाशीच्या काड्यांच्या किंवा बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) तेलात हा पट्टा असा उठून दिसत नाही. करडई किंवा सोयाबीनचे तेल वापरणाऱ्या मेसच्या मालात लिनोलेइक आम्लाचा वाटा वाढलेला दिसतो.

फसवणाऱ्या शिखाही ओळखा. २०७ आणि २८१ हे कॉलम किंवा सेप्टममधून (इंजेक्टरच्या रबरी बुचातून) झिरपलेले सिलोक्सेन (सिलिकॉनची संयुगे), तेलातले नव्हेत. १४९ थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारे रसायन), प्लास्टिकच्या बाटलीतून किंवा टोपणातून आलेला. १० पासून ३० कार्बनपर्यंत ओळीने, प्रत्येक संख्येला दोन-तीन शिखांचा जुडगा उभा असेल तर द्रोणाचे पॉलिथिन रिअॅक्टरमध्ये गेले आहे. मेदाम्लांपासूनही हायड्रोकार्बन होतात, पण त्यात १५ आणि १७ कार्बनच्या शिखा उंच असतात आणि मालिका त्यापुढे फारशी जात नाही.

शिखेच्या क्षेत्रफळाची टक्केवारी म्हणजे वजनाची टक्केवारी नव्हे. बायोऑइलमधला मोठा जड भाग कॉलममधून बाहेरच येत नाही. ‘तेलात ३० टक्के फिनॉल’ असे लिहायचे नाही. ‘दिसलेल्या क्षेत्रफळाच्या ३० टक्के’ असे लिहायचे. खरे प्रमाण हवे असेल तर ठरावीक चार-पाच संयुगांची शुद्ध मानके घेऊन अंतर्गत मानकासह (नमुन्यात ठरावीक मात्रेत मिसळलेल्या ओळखीच्या संयुगासह) वक्र काढा. शर्करा आणि आम्ले नेटकी मोजायची तर नमुना पूर्ण कोरडा करून बीएसटीएफए या अभिकर्मकाने ६० ते ७० अंशांना अर्धा ते एक तास सिलायलेट करा (सिलिकॉनचा गट जोडून सहज उडणारे करा). पाण्याचा अंश राहिला तर अभिकर्मक पाण्यावरच संपतो.

ऊर्जेचा हिशेब आणि उरलेले पदार्थ

१६० ग्रॅम तेल, ३२ मेगाज्यूल प्रति किलो, म्हणजे हाती सुमारे ५ मेगाज्यूल. हीटरने अडीच युनिट वीज घेतली तर ९ मेगाज्यूल गेले. या आकाराच्या रिअॅक्टरमध्ये इंधन म्हणून फायदा नाही, हे प्रकल्प अहवालात स्पष्ट लिहा. हे यंत्र कोणत्या मालातून काय निघते हे शिकण्यासाठी आहे. मोठ्या रिअॅक्टरमध्ये निघणारा वायूच तापवायला जाळला तर चित्र बदलते. ज्या मेसला फक्त ओले खरकटे संपवायचे आहे, तिने बायोगॅसच लावावा.

पाणीदार थर नालीत ओतू नका. चुन्याने सामू ७ पर्यंत आणून विद्यापीठाच्या रासायनिक कचऱ्यात द्या. कोळसा शेतात टाकायचा असेल तर आधी तो पाण्यात १:१० भिजवून सामू आणि विद्युतवाहकता मोजा. इथल्या काळ्या जमिनी मुळातच चुनखडीच्या आणि अल्कधर्मी आहेत, आणि खरकट्याच्या कोळशात मिठाचा सगळा सोडियम साठून राहतो. वाहकता जास्त आली तर दोनदा पाण्यात भिजवून निथळा, पुन्हा मोजा, आणि तरीही उतरली नाही तर तो घाणा जमिनीत न घालता शेगडीत जाळा.